खापर टर्बोच्याच माथी का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराच्या रंगावरून इंजिनचा आजार ओळखण्याचा तक्ता छापून आला आहे. निळा धूर म्हणजे टर्बो (बाहेर जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला, पांढरा म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग), काळा म्हणजे पेट्रोल जास्त. तीन रंग, तीन निदानं, काम संपलं. साध्या, बिनटर्बोच्या गाडीला हा तक्ता एकवेळ चालून जाईल (त्यातली निळ्याची ओळ सोडून, कारण तिथे टर्बोच नसतो). पण ज्या गाड्यांसाठी तो छापलाय, त्या टर्बोच्या जोरावर पळणाऱ्या दमदार गाड्यांच्या मालकांनी तो प्रमाण मानला, तर बरेचसे धडधाकट टर्बो भंगारात जातील. मी इंजिनं खोलण्या-बांधण्याचं काम करतो. उमेदीचा सगळा काळ बूस्टवर, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबावर, चालणाऱ्या पेट्रोल इंजिनांत गेला आहे. म्हणून हे पत्र जरा लांबणार, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

मुळात रंग हीच फसवी गोष्ट आहे. ऑइलच्या धुरातले थेंब अतिशय बारीक असले की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. मागे गर्द झाडी किंवा काळी भिंत असेल तर तो धूर निळा दिसतो. तोच धूर उजळ आभाळासमोर धरला तर पिवळट, मातकट वाटतो. थेंब जरा मोठे झाले की धूर सरळ पांढरा दिसायला लागतो. त्यात लोक आता मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवतात आणि विचारतात, 'सांगा, निळा की पांढरा?' कॅमेरा त्याच्या मर्जीप्रमाणे रंग बदलतो, मी काय सांगणार? धूर बघायचाच असेल तर ऊन बाजूने पडेल असं उभं राहावं, मागे काहीतरी गडद असावं, आणि सायलेन्सरच्या तोंडापाशी पांढरा कागद थोडा वेळ धरावा. कागदावर तेलकट ठिपके उमटले की ऑइल. नुसती ओल आली आणि ती डाग न ठेवता वाळली, तर पाणी. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल. हा कागद डोळ्यांपेक्षा भरवशाचा आहे. मात्र हा उद्योग मोकळ्या हवेतच करा. बंद गॅरेजमध्ये नाक लावून धुराचा वास घेऊ नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

रंगाची दुसरी फसवणूक खास टर्बोच्या गाडीतली. ऑइल सिलिंडरमध्ये जळलं तर धूर निळसर येतो, हे खरं. पण टर्बोच्या गरम बाजूने, म्हणजे टर्बाइनकडून गळालं तर ते धड जळतच नाही. लाल होईस्तोवर तापणाऱ्या त्या घरात त्याची वाफ होते आणि बाहेर दाट, पांढुरका ढग पडतो. तक्त्याप्रमाणे हे हेड गॅस्केट! म्हणजे टर्बो खरोखर गळत असताना तक्ता हेड उतरवायला लावतो, आणि टर्बो निर्दोष असताना टर्बो बदलायला लावतो.

तेव्हा माझ्याकडे गाडी आली की पहिला प्रश्न रंगाचा नसतो. धूर केव्हा येतो, हे मी आधी विचारतो. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की एक भपकारा येतो आणि मग साफ? व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे सील बघायचे. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटर सोडलेला आहे, आणि खाली येऊन पुन्हा दाबला की मागे निळा लोट? तेही बहुतेक व्हॉल्व्ह सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी), कारण थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि तो गाइडमधून ऑइल ओढतो. पूर्ण बूस्टवर, भर चढावर धूर? मग पिस्टनच्या रिंगा, पिस्टन, किंवा क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात) साठलेला दाब. आणि गाडी चांगली पिदाडून आणली, सिग्नलला उभी केली, आयडलिंगवर मिनिटभराने धूर सुरू झाला, रेस दिल्यावर भसकन येऊन ओसरला, तर मी टर्बोकडे बघतो. नुसतं बघतो, लगेच काढत नाही.

हे समजायला टर्बोचा सील काय चीज आहे ते माहीत हवं. बऱ्याच जणांना वाटतं, आत रबराचा ऑइल सील असेल, तो फाटला की गळती. तसं नसतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, छोटे टर्बो दोन लाखांच्याही पुढे जातात. तिथे रबर टिकणार नाही. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात आणि ऑइल आत ठेवण्याचं बरंचसं काम दोन्ही बाजूंच्या वायूचा दाब करतो. बाहेरचा दाब मधल्या घरातल्या (शाफ्टची बेअरिंग असतात त्या भागातल्या) दाबापेक्षा जास्त आहे तोवर ऑइल बाहेर येत नाही. वापरलेलं ऑइल निव्वळ गुरुत्वाकर्षणाने, जाड ड्रेन पाइपातून खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) पडतं. ते फेसाळलेलं असतं, म्हणून आत येणारा पाइप करंगळीपेक्षा बारीक चालतो, पण बाहेर जाणारा चांगला जाड आणि सतत उताराचा लागतो.

आता हा ड्रेन अडला तर? पाइपाला वाकण पडली, फ्लँजला गॅस्केटऐवजी सिलिकॉन थापलं आणि ते आत फुगून भोक अर्धं झालं, गॅस्केट उलटं बसलं, किंवा कुणी संपमध्ये ऑइल खुणेच्या वर भरून ठेवलं आणि ड्रेनचं तोंडच बुडालं. ऑइल मधल्या घरात साठतं आणि रिंगांवरून दोन्हीकडे वाहू लागतं. टर्बो कोरा करकरीत असला तरी गळणारच. मोरी तुंबली म्हणून कुणी नळ बदलत नाही. इथे मात्र नेमकं तेच चालतं.

तुंबण्याचं याहून छुपं कारण म्हणजे क्रँककेसमधला दाब. कुठल्याही इंजिनात रिंगांच्या फटीतून थोडे वायू खाली उतरतातच. बूस्टच्या इंजिनात जास्त उतरतात. ते ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या श्वासनळीतून, बाहेर काढावे लागतात. आयडलिंगवर ते मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने ओढले जातात. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्येच दाब असतो, तेव्हा एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाकडे वळतात. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. खाली दाब वाढला की ड्रेनमधून ऑइल उतरेल कसं?

अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे टर्बो बदलून झाला होता, आणि थोडेच दिवस बरे जाऊन धूर पुन्हा सुरू झाला होता. मालकाला सांगितलं गेलं होतं की नवा टर्बोच खराब निघाला, आणखी एक टाकू. बॉनेट उघडलं तर डिपस्टिक आपल्या जागेवरून बोटभर वर आलेली, तिच्या तोंडाभोवती ऑइलचे ताजे शिंतोडे. टॅपेट कव्हरच्या कडेने पाझर. मी टर्बोला हात लावला नाही. ब्रीदरची नळी सोडवली, व्हॉल्व्ह काढला, पुसला आणि तोंडाने फुंकर मारली. एका बाजूने हवा गेली. उलटा धरून फुंकलं, तरी गेली. आतली चकती काजळी आणि चिकट गाळाने अर्ध्यात अडकून बसली होती. अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा तो! तो बदलला आणि डिपस्टिकच्या नळीला गेज लावून गाडी फिरवून आणली. क्रँककेसमधला दाब जाग्यावर आला होता.

पण धूर काही लगेच थांबला नाही. मालकाचा चेहरा उतरला. हे होणारच, असं मी आधी सांगून ठेवलं होतं, तरी उतरला. गळालेलं ऑइल इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) जाऊन बसतं. आयडलिंगवर ते तळाशी पडून राहतं आणि बूस्ट आला की हवेबरोबर उचललं जाऊन सिलिंडरमध्ये शिरतं. आम्ही इंटरकूलर उतरवून आडवा केला तेव्हा एका कोपऱ्यातून काळपट ऑइलची धार लागली ती बराच वेळ थांबेना. सायलेन्सरच्या आतली लोकरही ऑइलने भिजलेली होती. ती जळून साफ होईपर्यंत थोडा धूर येत राहतो. टर्बो बदलणाऱ्याने इंटरकूलर धुतला नव्हता, नळ्याही पुसल्या नव्हत्या. हे ऑइल नुसता धूर करून थांबत नाही. मिश्रणात ऑइल आलं की त्याची नॉक (मिश्रण आपोआप भडकून बसणारा हादरा) सहन करण्याची ताकद घटते, आणि बूस्टवर नॉक झालं की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटायला वेळ लागत नाही. मग खरोखरच इंजिन खोलावं लागतं.

टर्बो दोषी आहे की नाही हे टर्बो न बदलता कळतं, आणि त्याला पानं आणि टॉर्च एवढंच लागतं. स्पार्क प्लग काढा आणि ज्या सिलिंडरचा त्या क्रमाने कापडावर मांडून ठेवा. मला हे काम सगळ्यात आवडतं. एकच प्लग ऑइलने काळा-ओला, बाकीचे कोरडे विटकरी? रोग त्या सिलिंडरचा आहे. रिंग, पिस्टन किंवा त्याचाच व्हॉल्व्ह. सगळे सारखेच तेलकट? ऑइल सगळ्यांना वाटून मिळतंय, म्हणजे ते हवेच्या वाटेने येतंय. ब्रीदर किंवा टर्बोची कॉम्प्रेसर बाजू. आणि मागे ढग पडतोय, पण चारही प्लग ठणठणीत कोरडे? मग ऑइल सिलिंडरच्या पुढे कुठेतरी मिसळतंय, आणि तिथे पहिला संशय टर्बाइनचा. खात्री करायला टर्बोच्या मागचा डाउनपाइप सोडवून आत टॉर्च मारा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडची, म्हणजे इंजिनकडची, बाजू कोरडी आणि टर्बाइनच्या मागची बाजू ओली असेल तर टर्बो गळतोय. दोन्ही ओल्या असतील तर इंजिनच ऑइल फेकतंय, बिचारा टर्बो मधल्या मध्ये माखलाय.

शाफ्ट बोटाने हलवून 'प्ले आहे, गेला' म्हणणारेही भेटतात. बुश बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, इंजिन बंद असताना तो आडवा थोडा हलणारच. बघायचं ते दोन: पाती घराला घासल्याच्या खुणा आहेत का, आणि शाफ्ट लांबीच्या दिशेने, आत-बाहेर हलतो का. आत-बाहेरचा प्ले बोटाला जाणवत असेल तर थ्रस्ट बेअरिंग संपलंय, तिथे वाद नाही. बॉल-बेअरिंग टर्बोचं आणखी एक दुखणं. त्याला ऑइल कमी लागतं, म्हणून बहुतेक वेळा साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर घालावा लागतो. हौशी मंडळी टर्बो मोठा बसवतात, रिस्ट्रिक्टर विसरतात आणि मग नव्याकोऱ्या टर्बोतून धूर का येतो म्हणून डोकं धरून बसतात.

इंजिन तपासायचं तर नुसत्या कॉम्प्रेशनवर (सिलिंडर किती दाब धरतो त्या मापावर) भिस्त ठेवू नका. लीक-डाउन करा: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवेचा दाब द्यायचा आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइल भरायच्या तोंडातून सुसू आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर मी निर्धास्त असतो, २० च्या पुढे गेली की कारण शोधतो. पण दोन्ही चाचण्यांना एक चोर सापडत नाही. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या रिंगा. ऑइल खरवडते ती सगळ्यात खालची. ती कार्बनने खाचेत चिकटली तर कॉम्प्रेशन उत्तम, लीक-डाउन उत्तम, आणि इंजिन ऑइल पितंच आहे. अशा वेळी प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडून पिस्टनचं डोकं बघावं. कडेने ऑइलने धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला की समजायचं.

पांढऱ्याबद्दल थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ दिसणारच, ती गाडी तापली की जाते. गाडी पूर्ण गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट कमी होत असलं, तरच काळजी. पण बूस्टच्या इंजिनात हेड गॅस्केट बऱ्याचदा धूर न करताच जातं. जास्त बूस्टला सिलिंडरमधला दाब हेडला किंचित उचलतो, वायू पाण्यात घुसतात, एक्सपान्शन टाकी उतू जाते आणि सायलेन्सर मात्र साफ. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी करा. ज्वलनाचे वायू असतील तर द्रव पिवळा पडतो. टर्बोचं मधलं घर पाण्याने थंड होणारं असेल तर तिथली चीरही कूलंट सोडू शकते. आणि कूलंट भरलेलं, ऑइल भरलेलं, तरी पांढरा धूर येतोच आहे, तर ब्रेक ऑइलची पातळी बघा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मागून गळाला की ते ब्रेक बूस्टरमध्ये (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यात) साचतं आणि व्हॅक्यूमच्या नळीने इंजिनात ओढलं जातं. हे मी फार क्वचित पाहिलंय, पण धुराइतकीच ब्रेकचीही चिंता करायला लावणारं आहे.

काळा धूर सगळ्यात कमी घाबरवणारा, पण त्यातही टर्बोची एक खोड आहे. पूर्ण बूस्टवर पेट्रोल मुद्दाम जास्त दिलं जातं. एरवी १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, तर तिथे ११.५ ते १२ ला १, म्हणजे सिलिंडर थंड राहतो. तेव्हा जोरात दाबल्यावर मागे हलकी काजळी उडाली तर लगेच इंजेक्टर बदलू नका. पण सतत काळा धूर, पिकअप पडलेला आणि दाबल्यावर कुठूनतरी 'फस्स' असा आवाज येत असेल, तर इंटरकूलरच्या नळ्यांच्या क्लिपा तपासा. ज्या गाडीत आत येणारी हवा सेन्सर मोजतो, तिथे मोजलेली हवा पुढे फाटक्या नळीतून निघून जाते आणि कॉम्प्युटर मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकत राहतो. अशा गाडीला हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला तरी गिअर बदलताना हेच होतं. आवाजाची हौस, दुसरं काय. मात्र काळा धूर फार दिवस चालवून घेऊ नका, डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालंय, आणि पुढचा धूर निळा असेल.

काही गाड्यांत थोडा धूर हा आजारच नसतो, हे तक्त्यात यायला हवं होतं. पोर्शे ९११ सारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात उभ्या गाडीत थोडं ऑइल रिंगांवरून झिरपतं आणि चालू करताना निळा फुगारा येतो. माझदा आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात तर सील वंगणासाठी ऑइल पंपाने मुद्दाम आत सोडलं जातं, तिथे ऑइल कमी होणं हे काम चालू असल्याचं लक्षण आहे. फोर्ज्ड (दाबाने घडवलेले) पिस्टन घातलेली इंजिनंही तशीच. २६१८ जातीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिकॉन नगण्य असतं, तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये जागा जास्त ठेवावी लागते. पिस्टनच्याच दुसऱ्या, ४०३२ जातीच्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, तो कमी फुगतो. त्यामुळे २६१८ चे पिस्टन थंडीत खडखडतात आणि गरम होईपर्यंत थोडं ऑइल वर सोडतात. गरम झाल्यावर गप्प बसले तर त्यांना छळू नये. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकणाऱ्यांनी 'पाइप टाकल्यापासून धूर यायला लागला' अशी तक्रार करू नये. ऑइल आधीपासून जळत होतं, कन्व्हर्टर ते झाकत होता आणि त्यापायी स्वतः खराब होत होता.

संपादक महाशय, पुरवणीत हा तक्ता पुन्हा छापणार असाल तर दोन बदल सुचवतो. रंगाच्या शेजारी 'धूर केव्हा येतो' असा रकाना घाला: थंड असताना, आयडलिंगवर, ॲक्सिलरेटर सोडल्यावर, बूस्टवर. आणि निळ्याच्या समोरचं 'टर्बो बदलावा' हे काढून तिथे 'ऑइलची पातळी, ब्रीदरचा व्हॉल्व्ह आणि टर्बोचा ड्रेन तपासावा, मग प्लग काढून बघावेत' असं छापा. जागा कमी पडली तर सायलेन्सरचं ते रंगीत चित्र लहान करा.

कळावे,
आपला,
एक वाचक, व्यवसायाने इंजिन मेस्त्री